पाणी चढत असताना: कठीण दिवस आणि ख्रिस्ती विश्वास, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात आमच्या मंडळीच्या घरभेटींचं काम माझ्याकडं आहे. त्याआधी चौतीस वर्षं नर्स होते, म्हणून निम्मे लोक सिस्टर म्हणतात, निम्मे मावशी. फोनवर, व्हॉट्सॲपवर आणि उपासना सुटल्यावर चपला शोधता शोधता जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथं एकत्र केलेत. विचारणाऱ्यांच्या खुणा पुसल्या आहेत, शब्द शक्यतो त्यांचेच ठेवलेत. सगळं वाचायची गरज नाही, आपला प्रश्न शोधा. जीव नकोसा झाला असेल तर थेट प्रश्न ११ वर जा.

१. आशा धरा म्हणता, म्हणजे "सगळं ठीक होईल" असं मानून चालायचं का?

नाही. सगळं ठीक होईल की नाही हे मला माहीत नाही, तुम्हालाही नाही. बायबलात आशेला नांगर म्हटलंय (इब्री ६:१९). तो नांगर कधी टाकतात ते बघायचं असेल तर प्रेषितांची कृत्ये, अध्याय २७ उघडा. येशूचा संदेश सांगत फिरणाऱ्या पौलाला कैदी म्हणून रोमला नेताहेत आणि जहाज वादळात सापडलंय. कित्येक दिवस सूर्य नाही, तारे नाहीत. हे लिहिणारा लूक स्वतः त्या प्रवासात होता, आणि तो सरळ लिहितो की वाचण्याची आशा संपली. चौदाव्या रात्री खलाशी दोर सोडून खोली मोजतात. वीस वाव भरते, थोड्या वेळानं पंधरा. आपल्याकडं पावसाळ्यात पंचगंगा चढली की "राजाराम बंधाऱ्याला किती झालं?" असं विचारत लोक रात्र काढतात, अगदी तसं. ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे इथल्या पोरासोरांना पाठ असतं.

मग ते खलाशी जहाजाच्या मागच्या बाजूनं चार नांगर टाकतात आणि उजाडायची वाट बघतात. पहाटे पौल सगळ्यांना म्हणतो, चौदा दिवस पोटात काही नाही, आधी खाऊन घ्या. तो भाकर घेतो, देवाचे आभार मानतो, मोडतो आणि खायला लागतो. जहाजावर २७६ माणसं होती. कुणी पोहत, कुणी फळीला धरून, सगळी काठाला लागली. जहाज मात्र फुटलं. आणि ते फुटणार हे पौलानं आधीच सांगून ठेवलं होतं.

मी जिला आशा म्हणते ती ही. तिच्यात जहाजाची हमी नाही.

२. मी ख्रिस्ती नाही. प्रार्थनेला आले तर चालेल का? धर्म बदलावा लागेल का?

या, बसा, गाणी ऐका, रडायचं तर रडा. त्यासाठी बाप्तिस्मा लागत नाही, वर्गणी लागत नाही आणि कुणी नाव लिहून घेत असेल तर "नको" म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. आपल्या मनानं देवाला मानायचं स्वातंत्र्य राज्यघटनेच्या २५ व्या कलमानं दिलेलं आहे. ते तुमचं आहे, तसंच तुमच्या घरच्यांचंही.

दुःखाच्या भरात बाप्तिस्मा मागणाऱ्यांना मी स्वतः थांबवते. तेरावा झाल्यावर आठवड्यात येऊन "मला घ्या" म्हणणाऱ्या माणसाला मी वर्षभर वचन वाचायला सांगते. येशू कुठं पळून जात नाही. शिवाय यात व्यवहाराची बाजूही आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्धांनाच मिळतो. ख्रिस्ती झाल्यावर तो राहत नाही. पोरांच्या दाखल्यांचा, शिष्यवृत्तीचा प्रश्न असेल तर आधी वकिलाशी बोला. हे कुणी न सांगता तुम्हाला पाण्यात उतरवत असेल, तर तो तुमचं भलं बघत नाही.

३. कोल्हापुरात कुठल्या चर्चला जाऊ?

घराजवळच्या. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये कोल्हापुरात आले. त्यांच्या नावाचं वाइल्डर मेमोरियल चर्च आजही शहरात आहे. त्या परंपरेतल्या मंडळ्या गावोगावी आहेत, कॅथलिक आहेत, आणि भाड्याच्या हॉलमध्ये टाळ्या वाजवत भरणाऱ्या पेंटेकॉस्टल मंडळ्याही आहेत. कुठं पेटी-तबला, कुठं गिटार. अडचणीतल्या माणसानं या फरकात फार पडू नये. मी एकच कसोटी लावते: तुम्ही दोन रविवार दिसला नाहीत तर कुणाचा फोन येतो का? (कुठून उठून निघून यायचं, ते प्रश्न १० आणि १२ मध्ये.)

४. प्रार्थना कशी करायची? मला शब्दच सुचत नाहीत.

शब्द नसले तरी चालतं. रोमकरांस पत्रात (८:२६) पौल म्हणतो की काय मागावं हे आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः कण्हत आपल्यासाठी विनंती करतो. राजाच्या चाकरीत असलेल्या नहेम्याला राजा विचारतो, "तुला काय हवंय?" आणि राजाच्या प्रश्नात नि आपल्या उत्तरात जेवढा श्वास मिळतो तेवढ्यात तो प्रार्थना करून घेतो.

एक आजोबा डोळ्यासमोर आहेत. कागलकडचे शेतकरी. मुलगा अतिदक्षता विभागात होता आणि त्यांना पाच मिनिटं आत बसू दिलं होतं. ते सलाईनच्या थेंबाकडं बघत होते आणि एक थेंब पडला की "प्रभू", दुसरा पडला की "दया कर". तेवढंच. पाच मिनिटं झाली तरी मला त्यांना उठवायचा धीर झाला नाही. प्रार्थना शिकवायला मला कुणी बोलावलं की मी हेच सांगते. शब्द हवेच असतील तर बायबलातलं स्तोत्र १३ घ्या. सहाच ओव्या, आणि सुरुवातीलाच चार वेळा "किती वेळ?" असा देवाला सवाल.

५. बायबल कुठून वाचायला सुरुवात करू? पहिल्या पानापासून?

पहिल्या पानापासून सुरू केलेले बहुतेकजण लेवीय पुस्तकात अडकतात. मार्ककृत शुभवर्तमान घ्या. येशूची गोष्ट सांगणाऱ्या चार पुस्तकांतलं सगळ्यात लहान, सोळा अध्याय, रोज एक. रात्री झोपताना एक स्तोत्र. शेवटचं पुस्तक, प्रकटीकरण, आत्ता नको. आधीच घाबरलेल्या माणसानं ते एकट्यानं वाचू नये असं माझं मत आहे, पाळकसाहेबांना पटो न पटो.

वचन निवडून कॅलेंडरसारखं वापरू नका, मागचं-पुढचं वाचा. का, ते प्रश्न ७ मध्ये.

६. माझ्या पापामुळंच हे झालं का? शेजारीण तसं म्हणते.

शेजारणीचं म्हणणं फार जुनं आहे, आणि येशूनं दोनदा खोडून काढलेलं आहे. जन्मांध माणसाला बघून शिष्य विचारतात, "पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं?" तो म्हणतो, दोघांचंही नाही (योहान ९). आणि शिलोहाचा बुरूज कोसळून अठराजण मेले, त्यांच्याबद्दल तो विचारतो: ते काय यरुशलेमातल्या बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होते? (लूक १३) पुराच्या वेळी अमक्या गल्लीत पाणी शिरलं आणि तमक्या गल्लीत नाही, यात पापपुण्य नसतं. यात गल्लीची उंची असते.

अपवाद आहे. दारू पिऊन गाडी चालवली आणि कुणाचा पाय गेला, तर ते तुमच्या हातून झालेलं आहे. तिथं "देवाची परीक्षा" म्हणून अंग काढून घेता येत नाही. कबुली द्यायची, भरपाई करायची, आणि मग क्षमा मागायची. क्षमा आहे. पण ती गुन्ह्याला दुसरं नाव देऊन मिळत नाही.

७. पुरात घर गेलं. "तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत" हे वचन सगळे पाठवतात. मला आता त्याचा राग येतो.

येणारच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला, आणि दोनच वर्षांनी जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच. पहिल्या पुरानंतर घेतलेला फ्रिज दुसऱ्या पुरात गेला, अशी घरं मी पाहिली आहेत.

२०१९ ला पाणी उतरल्यावर शाहूपुरीत एका ताईंकडं चिखल काढायला गेले होते. चुलीच्या ओट्यावर घोटाभर गाळ, गव्हाच्या पत्र्याच्या डब्याला आंबूस वास, गादी तर दोघींना उचलेना, इतकं पाणी प्यायलेली. भिंतीवर वचनाचं कॅलेंडर होतं. पाणी त्याच्या मध्यापर्यंत आलेलं. तारखांचा लगदा झालेला आणि वर छापलेलं हेच वचन, यिर्मया २९:११, कोरडं ठणठणीत. ताई हसल्या. म्हणाल्या, "वचन वर छापतात म्हणून वाचलं, सिस्टर. तारखा खाली असतात." आणि मग कॅलेंडर काढून त्याच्याच पुठ्ठ्यानं ओटा खरवडायला लागल्या.

आता ते वचन जिथलं आहे तिथं वाचूया. बाबेलला पकडून नेलेल्या लोकांना यिर्मया संदेष्ट्यानं पत्र लिहिलंय. त्यात आधी काय आहे? घरं बांधा, मळे लावा, पोरांची लग्नं करा, ज्या शहरात नेलंय त्या शहराचं भलं मागा, कारण परत यायला सत्तर वर्षं आहेत. सत्तर! म्हणजे ऐकणाऱ्यांतले बरेचजण परदेशातच मरणार होते. "पुढच्या महिन्यात सगळं परत मिळेल" असं सांगणारे संदेष्टे त्या वेळीही होते, आणि यिर्मयानं त्यांना खोटं म्हटलं. तेव्हा मोबाइलवर एक ओळ पाठवणाऱ्यांवर तुमचा राग असेल तर यिर्मया तुमच्या बाजूला आहे.

मला त्याच पुस्तकातला ३२ वा अध्याय जास्त उपयोगी पडतो. शत्रूचा वेढा पडलाय, यिर्मया कैदेत आहे, आणि तो चुलतभावाचं शेत विकत घेतो. सतरा शेकेल चांदी मोजून देतो, साक्षीदार बोलावतो, खरेदीखत मातीच्या मडक्यात ठेवायला सांगतो, म्हणजे पुष्कळ दिवस टिकेल. उद्या शत्रूच्या हातात जाणारी जमीन! व्यवहारी माणूस म्हणेल, डोकं फिरलंय. पण कागद टिकला पाहिजे याची त्याला केवढी काळजी.

म्हणून तुम्हीही आधी कागदाचं बघा. घर धुण्याआधी पाण्याच्या रेघेचे, भिजलेल्या सामानाचे फोटो काढा. तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या आणि त्याची नोंद झाली का ते पुन्हा जाऊन विचारा. सातबारा, आधार, बँकेची पासबुकं पुढच्या जूनच्या आधी प्लॅस्टिकच्या डब्यात घालून माळ्यावर. अनुदानासाठी रांगेत उभं राहणं हा विश्वासाचा अभाव नाही.

८. सगळ्या मंडळीनं उपास-प्रार्थना केली, तरी आई गेली. आमचा विश्वास कमी पडला का?

असं तुम्हाला कुणी म्हणालं असेल तर त्यांनी गेथशेमाने बागेकडं बघावं. क्रूसाच्या आदल्या रात्री तिथं येशूनं दुःखाचा प्याला टळावा म्हणून विनवणी केली, तो टळला नाही. पौलानं आपल्या अंगातला काटा जावा म्हणून तीनदा मागितलं, गेला नाही (२ करिंथ १२). त्या दोघांचा विश्वास कमी होता असं म्हणायला मी धजावणार नाही.

आणि जवळचं उदाहरण पंडिता रमाबाईंचं. दुष्काळात आई-वडील आणि बहीण गेली, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत नवरा गेला. ख्रिस्ती झाल्यावर सगळं सुरळीत झालं असंही नाही. ज्या मुलीवर केडगावच्या मुक्ती मिशनचं पुढचं सगळं सोपवायचं होतं, ती मनोरमा १९२१ मध्ये त्यांच्या हयातीतच गेली. रमाबाई तेव्हा बायबलाचं मराठी भाषांतर करत होत्या. ते काम त्यांनी सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. साध्या बायकांना कळावं म्हणून केलेलं ते भाषांतर दोन वर्षांनी छापून बाहेर आलं.

पुनरुत्थानाची आशा आम्ही धरतो, कबरीपाशी मोठ्यानं म्हणतोही. पण थेस्सलनीकाकरांना पौलानं लिहिलं ते "आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका" असं आहे. शोकच करू नका, असं नाही. मेलेल्या मित्राला, लाजराला, आता उठवायचंय हे माहीत असूनही येशू कबरीजवळ रडला. पहिला नाताळ आईविना येईल तेव्हा करंज्या करायच्या की नाही, यावर घरात भांडण होईल. होऊ दे. ज्याला करायच्यात त्यानं कराव्यात.

९. देवावर राग येतो. पाप आहे का?

बायबलातल्या दीडशे स्तोत्रांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा रडगाणी आणि तक्रारीच आहेत. ८८ वं स्तोत्र तर अंधारात सुरू होऊन अंधारातच संपतं, शेवटी गोड वळण नाही. तरीही ते उपासनेत गायला ठेवलं. पोरंबाळं, घरदार सगळं गमावलेला इयोब अध्यायच्या अध्याय देवाशी भांडतो, आणि शेवटी देव म्हणतो की इयोब बरोबर बोलला, देवाची वकिली करणारे त्याचे मित्र चुकले. राग देवाच्या तोंडावर काढा. पोरांवर काढू नका.

१०. डिप्रेशनच्या गोळ्या चालू आहेत. एका सभेत सांगितलं, विश्वास ठेव आणि गोळ्या बंद कर. काय करू?

गोळ्या चालू ठेवा, त्या सभेला जाणं बंद करा.

इथं मी नर्स म्हणून बोलते. इन्सुलिनवर असलेल्या एका मुलीला अशाच एका सभेतून "बरी झालीस" म्हणून घरी पाठवलं होतं. दोन दिवसांनी तिला आणलं तेव्हा ती शुद्धीवर नव्हती, तोंडाला पिकल्या फळासारखा वास येत होता. तो वास मी विसरलेली नाही. ती वाचली, पण ते इन्सुलिन परत सुरू केल्यामुळं. मनाच्या गोळ्यांचंही तेच: अचानक सोडल्या तर चक्कर, झोप उडणं, जुना आजार दुप्पट जोरानं परत. कमी करायच्या असतील तर ज्यांनी लिहून दिल्या त्यांच्याकडूनच, हळूहळू.

शुभवर्तमान लिहिणाऱ्या लूकला पौल "प्रिय वैद्य" म्हणतो. आपल्या शेजारी मिरजेत विल्यम वानलेस नावाच्या मिशनरी डॉक्टरांनी १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केलं. सांगली-मिरजेच्या मधली वानलेसवाडी त्यांच्याच नावाची. ते प्रार्थना करायचे आणि ऑपरेशनही करायचे. प्रार्थनेनं माणूस बरा होतो का? होतो असं मी मानते, पाहिलंही आहे. तसं वाटलं तर रक्त तपासा, डॉक्टरांना दाखवा. खरं बरं झालेलं तपासणीत टिकतं.

११. जगावंसं वाटत नाही. ख्रिस्ती असून असं वाटणं म्हणजे मी नरकात जाणार का?

आधी हे करा: या क्षणी एकटे असाल तर कुणाला तरी हाक मारा, शेजारी का असेना. १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी नंबर, दिवसरात्र चालू, फुकट, मराठीत बोलता येतं. जीवाला लगेच धोका असेल तर ११२ किंवा १०८. कीटकनाशकाची बाटली, दोर, गोळ्यांचा साठा घरात असेल तर दुसऱ्याच्या ताब्यात द्या. शेतकरी घरात औषधाचा डबा गोठ्यात असतोच. तो आज रात्री शेजाऱ्याकडं ठेवा.

आता तुमच्या प्रश्नाबद्दल. असं वाटणाऱ्या माणसावर देव चिडलेला असतो, हे बायबल मला दाखवत नाही. एलीया संदेष्टा रानात झुडपाखाली बसून म्हणाला, "आता पुरे, माझा प्राण घे." देवानं त्याला रागावून काही सांगितलं नाही. झोपू दिलं. दूतानं उठवून निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी दिलं. तो पुन्हा झोपला, पुन्हा उठवून खायला घातलं. बोलणं फार नंतर झालं. पौलही लिहितो की आशियात आम्हाला जगण्याचीही आशा उरली नव्हती (२ करिंथ १:८). घरच्यांनी हे वाचत असाल तर उपदेश नंतर. आधी जेवण, झोप आणि सोबतीला माणूस. दुसऱ्या दिवशी मानसोपचाराच्या डॉक्टरांकडं न्या. पैशाची अडचण असेल तर सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, जा.

ज्यांच्या घरातलं कुणी असं गेलंय, ते हमखास विचारतात की त्याचं काय झालं असेल. मी त्यांना सांगते, त्याच्या शेवटच्या पाच मिनिटांवरून देव त्याला ओळखत नाही.

१२. कर्जात बुडालोय. दशमांश (कमाईचा दहावा हिस्सा) दिला तर देव दुप्पट देईल, असं सांगतात. खरं का?

देवाला व्याजानं पैसे लावता येत नाहीत. पौल म्हणतो, ज्यानं त्यानं मनात ठरवल्याप्रमाणं द्यावं, कुरकुरत किंवा सक्तीनं नको (२ करिंथ ९:७). आणि घरच्यांची तरतूद न करणाऱ्याला तो विश्वास न ठेवणाऱ्याहून वाईट म्हणतो. बचत गटाचा हप्ता बुडवून, पोराची फी थकवून दिलेली वर्गणी मला तरी नको. जो वक्ता "बी पेरा" म्हणत क्यूआर कोड दाखवतो, त्याच्या मंडपातून उठून या.

कर्जाचं सांगायचं तर सगळ्यांची यादी एका कागदावर करा: बँक, सोसायटी, भिशी, मायक्रोफायनान्स, सावकार. बायकोपासून लपवलेलं कर्जही त्यात लिहा; तेच सगळ्यात जड असतं. सावकारीसाठी परवाना लागतो, २०१४ चा राज्याचा कायदा आहे. परवाना नसलेला सावकार दारात येऊन दम देत असेल तर जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडं तक्रार करता येते. कारखान्याचं ऊसबिल आलं की फेडू, या भरवशावर नवं कर्ज काढू नका.

१३. नवरा पिऊन मारतो. पाळक म्हणतात, क्षमा कर आणि सहन कर, हाच तुझा क्रूस. मी काय करू?

बाई, क्रूस येशूनं स्वतः उचलला. तो बायकोच्या पाठीवर कुणी लाटणं मोडून लादायचा नसतो. क्षमा म्हणजे मनातला सूड सोडणं. त्यासाठी त्याच घरात राहावं लागत नाही. दावीद जीवावर उठलेल्या शौल राजाला क्षमा करत होता आणि त्याच वेळी भाल्याच्या टप्प्याबाहेर पळतही होता.

महिलांसाठी १८१, पोलिसांसाठी ११२. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं घरात राहायचा हक्क आणि संरक्षणाचा आदेश, दोन्ही मागता येतात. त्याला सुधारायचं असेल तर अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या बैठका मराठीतही चालतात. पण तो सुधारेपर्यंत तुम्ही आणि पोरं सुरक्षित जागी. मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी समजूत काढायची असेल तर ती त्याची काढावी.

१४. मला चर्चमध्येच दुखावलं गेलं. आता कुणावरच भरवसा नाही.

पाळकाचं वागणं, वडीलमंडळाचं राजकारण, मिळकतींची भांडणं, "तू आमच्यातली नव्हेस" हा टोमणा: सगळं ऐकलंय, थोडं सोसलंय. नाही जायचं तर काही महिने जाऊ नका. पण दोन-तीनजणांची सोबत ठेवा, घरी बसून एक स्तोत्र वाचायला तेवढी पुरतात. गुन्हा घडला असेल, विशेषतः लहान मुलाबाबत, तर तो मंडळीत मिटवायचा विषय नाही. १०९८ किंवा थेट पोलीस.

१५. सासरचे सगळे हिंदू, मी एकटीच विश्वासात. अंबाबाईचा प्रसाद सासूबाई हातावर ठेवतात. घेऊ की नको?

हा प्रश्न नवरात्रात हमखास येतो. मंडळ्यांची मतं वेगवेगळी आहेत आणि काही पाळक माझ्याशी सहमत होणार नाहीत. करिंथकरांच्या पहिल्या पत्रात, अध्याय ८ ते १० मध्ये, पौलापुढं हाच पेच होता. तो म्हणतो की मूर्ती म्हणजे काही नाही, पण पूजेत भागीदार होऊ नका, आणि तुमच्या खाण्यानं कुणा दुबळ्याचं मन अडखळत असेल तर सोडा. नियम त्यानं एका ओळीत दिलेला नाही, कारण एका ओळीत बसत नाही.

माझ्या माहितीतल्या एका सुनेनं सासूबाईंना एकदा शांतपणे सांगितलं, "आई, तुमच्या हातचं मी काहीही खाईन, पण पूजेत मला धरू नका." सासूबाई आठवडाभर बोलल्या नाहीत. मग दसऱ्याला त्यांनी सुनेसाठी पुरणपोळी नैवेद्याआधीच बाजूला काढून ठेवली. प्रत्येक घरात असं होत नाही. तुमच्या अंगावर धावून येणारं घर असेल तर ताट फेकायचं शौर्य दाखवू नका. देव मन बघतो.

१६. मैत्रिणीचं मूल गेलं. तिला काय वचन सांगू?

कुठलंच नको. इयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तेवढंच त्यांनी बरं केलं. तोंड उघडल्यावर सगळं बिघडलं. "देवाला फूल हवं होतं" हे वाक्य तर अजिबात नको. कुठल्या आईला असा देव आवडेल? डबा घेऊन जा, भांडी घासा, मोठ्या पोराला शाळेतून आणा. मुलाचं नाव घ्यायला घाबरू नका. आणि चाळीस दिवसांनी, सगळे विसरल्यावर, पुन्हा जा.

१७. प्रार्थना करते, उपासनेला जाते, तरी आत काहीच वाटत नाही. किती दिवसांत स्थिर होईन?

दिवस मला सांगता येणार नाहीत. मोठ्या दुःखातून उठलेल्या बायका मला सांगतात की पहिलं वर्ष धुक्यात जातं आणि दुसरं जास्त अवघड, कारण तोवर लोक यायचे थांबतात. बायबलातली विलापगीतं पाच अध्यायांची आहेत; देवाची दया रोज सकाळी नवी होते ही ओळ तिसऱ्या अध्यायात येते, आणि चौथ्या-पाचव्यात पुन्हा रडणं सुरू. म्हणजे चढउतार शास्त्रात बसतो.

वाटण्याची वाट न बघता ठरलेल्या गोष्टी करत राहा. अंघोळ, एक स्तोत्र, रंकाळ्याला एक फेरी, रविवारची उपासना. सगळं जमलं नाही तर एक. सहा महिने झाले तरी झोप, भूक, कामाची इच्छा नसेल तर प्रश्न १० पुन्हा वाचा आणि डॉक्टरांकडं जा.

१८. रात्री तीनला जाग येते आणि मग झोपच नाही. तेव्हा काय करायचं?

मोबाइल उघडायचा नाही, विशेषतः बँकेचं ॲप. दिवा लावा, पाणी प्या. बिछान्यात तळमळण्यापेक्षा उठून खुर्चीत बसा. ७७ वं स्तोत्र झोप न येणाऱ्याचंच आहे. १३० वं अगदी लहान आहे. त्यात पहारेकरी पहाटेची वाट बघतात असं एकापाठोपाठ दोनदा म्हटलंय. नाइट ड्यूटी केलेल्या माणसानंच ते लिहिलं असणार असं मला वाटतं.

वॉर्डात साडेतीन ते पाच हा वेळ सगळ्यात जड जायचा. मी घड्याळाकडं बघायची नाही, पुढच्या कामाकडं बघायची. चारला ताप बघायचा, साडेचारला सहा नंबरची कूस बदलायची, पाचला इंजेक्शन. तुम्हीही तसंच एखादं काम हाताशी ठेवा: लसूण सोला, कपड्यांच्या घड्या घाला. गंगावेशीत दुधाच्या म्हशी यायला लागल्या की रात्र संपलीच. साडेचारनंतर मला फोन केलात तरी चालेल, तोवर मी उठलेली असते.